पाटी कुणाच्या दाराला?

जर्मनीला निघालेल्या माणसाला सगळे थंडीची भीती घालतात. मावशी लोकरीचे मोजे देते, शेजारचे काका कानटोपीवर व्याख्यान देतात. जिन्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही.

स्टुटगार्टबद्दल मला दोनच गोष्टी ठाऊक होत्या. एक, इथे मोटारी बनतात. दोन, 1968 पासून हे शहर मुंबईचं भगिनी-शहर आहे. त्यामुळे आल्या आल्या उगाचच मावशीकडे उतरल्यासारखं वाटलं. हे वाटणं दाराला पाटी लागेपर्यंत टिकलं.

पाटी दिसायला अगदी गरीब. झाडू-बादलीचं चित्र आणि खाली 'केरवोखे'. ती ज्याच्या दाराच्या मुठीला लटकेल, त्याने त्या आठवड्यात इमारत झाडायची-पुसायची. लहान केरवोखे म्हणजे आपल्या मजल्यापासून खालच्या मजल्यापर्यंतचा जिना. मोठं म्हणजे तळघर, कचऱ्याच्या डब्यांची जागा आणि समोरचा फुटपाथ. हिवाळ्यात फुटपाथवरचा बर्फही आपलाच, तोही कामाच्या दिवशी सकाळी सातच्या आत. आठवडा संपला की पाटी गुपचूप शेजारच्या मुठीला अडकवायची.

ही भानगड आजकालची नाही. 1492 मध्ये कोलंबस भारत शोधायला निघून भलतीकडेच पोचला. त्याच साली स्टुटगार्टमध्ये प्रत्येकाने आपापली घाण दर आठवड्याला गावाबाहेर नेऊन टाकावी, असा हुकूम निघाला. कोलंबसाची चूक लोकांनी पुढे दुरुस्त केली, स्टुटगार्टचा हुकूम मात्र चालूच राहिला. महापालिकेने ही सक्ती 1988 मध्ये काढून टाकली. तेव्हा महापौर होते मानफ्रेड रोमेल, म्हणजे आफ्रिकेच्या वाळवंटात लढलेल्या त्या सेनापती रोमेलचे चिरंजीव. पण सक्ती गेली ती फक्त पालिकेच्या कागदावरून. घरमालकांनी ती भाडेकरारात जपून ठेवली. काही इमारती पैसे मोजून सफाईवाले लावतात. आमच्या इमारतीत हा विषय निघाला, तर तळमजल्यावरच्या आजी अशा बघतात, जणू आपण देव्हाऱ्यातले देव भाड्याने आणायला सांगितले.

एका शनिवारी मी जिना पुसत असतानाच आईचा व्हिडिओ कॉल आला.

"अरे, हे काय? तू तर इंजिनिअर ना?"

"आई, इथे सगळेच पुसतात. वरच्या मजल्यावरचे डॉक्टरसुद्धा."

"डॉक्टर जिना पुसतात?" थोडा वेळ शांतता. मग हलक्या आवाजात, "कोपरे नीट काढ हो. आणि नागपूरच्या काकूचा फोन आला तर कॅमेरा वर धर."

पुसण्याचं मला काही वाटत नाही. लहानपणी सुट्टीत आजोळी अंगण झाडलेलं आहे. खरी गोची वेगळीच आहे: इथे जिना स्वच्छ असून भागत नाही, तो आपण स्वच्छ केला हे चारचौघांना कळावं लागतं. ही दीक्षा मला ऑफिसातल्या एका सोलापूरकर सीनियरने दिली. "बादली जोरात आपट. पायऱ्या ओल्या असताना कुणीतरी खाली उतरलं पाहिजे, तरच ते केरवोखे. शुक्रवारी रात्री चोरासारखं पुसशील तर पुसलं नाहीस असंच धरतात. आणि रविवारी आवाज नाही, त्या दिवशी व्हॅक्यूम लावलास तर बादलीसकट बाहेर काढतील."

तेव्हापासून मी शनिवारी सकाळी दहाला बादली आपटतो. आजी दार किलकिलं करून बघतात, मान डोलावतात आणि दार लावतात. आमच्या वार्षिक अप्रेझललाही एवढी धाकधूक होत नाही.

सुट्टीवर भारतात जायचं असेल तर आठवडा बदलून घ्यावा लागतो. पहिल्या मजल्यावर एक विद्यार्थी राहतो, तो या व्यवहारात तयार आहे. लहान केरवोख्याला दोन पुरणपोळ्या, मोठ्याला चार, बर्फाच्या दिवसांत तूप वेगळं.

मग आली दिवाळी. बायकोने दारासमोर ठिपक्यांची रांगोळी काढली, कडेने पणत्या. पाटी होती समोरच्या दाराला. संध्याकाळी बेल वाजली. दारात समोरच्या बाई, एका हातात झाडू, दुसऱ्या हातात सुपली, बरोबर आजी. चेहरे गंभीर.

"ही पूड तुमची आहे की जिन्याची?"

प्रश्न कायद्याला धरून होता. जिन्यावर पडलेली पूड म्हणजे कचरा, आणि कचरा ज्याची पाटी त्याचा. पण पूड मुद्दाम टाकलेली, वर त्यात कमळ. झाडावं तर शेजाऱ्याचा सण मोडतो, न झाडावं तर केरवोखे मोडतं. बाई खरोखरच पेचात पडल्या होत्या. बायकोने आधी दोघींच्या हातावर करंजी ठेवली. ती संपेपर्यंत निकाल लागला नाही. शेवटी आजींनीच मार्ग काढला आणि दुसऱ्या दिवशी तळमजल्यावरच्या फलकावर टाईप केलेला कागद लागला: 'रंगीत पूड. तिसरा मजला, डावीकडे. काढणाऱ्यानेच झाडावी. पाच दिवसांनंतर कचरा समजला जाईल.'

यंदा दिवाळीच्या आठवड्यात पाटी नेमकी आमच्याच दाराला येतेय. विद्यार्थ्याला अदलाबदलीचं विचारलं. त्याने फलकावरचा कागद पुन्हा एकदा वाचून काढला आणि म्हणाला, पुरणपोळीवर भागणार नाही, चकलीचा डबा लागेल.