आधी दरड की आधी अर्ज? निवृत्त रेल्वेवाल्या काकांना उत्तर

काका, नमस्कार. ‘एक निवृत्त रेल्वेवाला’ एवढीच सही आहे, म्हणून काका म्हणतोय. किनाऱ्यालगतच्या रेल्वेच्या तातडीच्या दुरुस्तीलाही परवानगीची काहीतरी चौकट हवी, असं मी मागच्या लेखात लिहिलं होतं. त्यावर तुम्ही म्हणता, “कोल्हापुरात बसून समुद्राचे कायदे शिकवू नका. दरड रुळावर आल्यावर आम्ही अर्ज लिहीत बसायचं का?”

पहिलं वाक्य मान्य. आमचा समुद्र म्हणजे पंचगंगा. राजाराम बंधाऱ्यावर 43 फूट झालं की आमचं सगळं शहाणपण पाण्यात. शिवाय तुम्ही काढलेली चूकही खरीच आहे. कोकण रेल्वेला मी सरसकट ‘किनाऱ्यावरची’ म्हटलं. 741 किलोमीटरचा हा मार्ग बराचसा डोंगरातून जातो. सीआरझेडचा, म्हणजे किनारपट्टीवरच्या बांधकामांना लागणाऱ्या नियमांचा, प्रश्न येतो तो मुख्यतः खाड्यांपाशी. लेखात बदल केलाय.

दुसऱ्या वाक्यावर मात्र अडतो. अर्ज लिहीत बसा, असं मी म्हटलेलंच नाही. 22 जून 2003 च्या रात्री वैभववाडीजवळ दरडीवर गाडी आदळली, पन्नासहून जास्त माणसं गेली. गगनबावड्याचा घाट उतरलं की वैभववाडी; ते गाव आम्हाला परकं नाही. तिथं कुणी आधी शिक्का मागितला तर त्याला मीच हाकलीन.

आणि तुम्हाला मोकळीक आहेच की. 1989 च्या रेल्वे कायद्याचं कलम 14 काढून बघा. दरड कोसळली, किंवा नुसती कोसळायची भीती असली, तरी रेल्वे शेजारच्या जमिनीत शिरून काम करू शकते. अहवाल नंतर केंद्राला द्यायचा, आणि तो बघून केंद्र पुढचं काम थांबवू शकतं किंवा अटी घालू शकतं. माझं भांडण सुरू होतं ते जेसीबी घरी गेल्यावर.

कॅलिफोर्नियाच्या किनारा कायद्यात हे चांगलं बांधलंय. तातडीच्या वेळी तीन दिवसांत कळवलं तर परवानगीची अट माफ होऊ शकते. पण त्या माफीवर 25,000 डॉलरपेक्षा महागडं कायमचं बांधकाम उभं करता येत नाही. तिथंही सगळं गोडीगुलाबीनं चालतं असं नाही. सॅन क्लेमेंटेला 2021, 2022 आणि 2024 मध्ये लाइन बंद पडली, रुळांच्या बाजूला दगड ओतले, आणि त्या दगडांनी वाळू जाते म्हणून भांडणं लागली. इंग्लंडात डॉलिशला फेब्रुवारी 2014 मध्ये समुद्रानं रुळांखालची भिंतच फोडली, तेव्हा मालवाहू कंटेनरांत राडारोडा भरून तात्पुरता आडोसा केला. 4 एप्रिलला गाडी सुरू झाली. कंटेनर बघून ते कायमचं काम आहे असं कुणालाच वाटणार नाही, हे मला फार आवडलं.

आपल्याकडं उलटं असतं. माझ्या मावशीच्या शेताकडंच्या ओढ्यावर एका पुरानंतर रस्ता चालू करायला मुरमाचा भराव टाकला, खाली सिमेंटच्या दोन नळ्या. चार दिवसांत वाहतूक सुरू, सगळे खूश, मावशीपण. पुढच्या पावसाळ्यात नळ्यांत पालापाचोळा अडकला, पाणी मागं फुगलं आणि पोंग्यात, म्हणजे शेंड्याच्या कोवळ्या गाभ्यात, पाणी शिरून तिचा अर्धा एकर ऊस कुजला. कचेरीत गेलो तर उत्तर मिळालं, “ते तात्पुरतं काम आहे, त्याची नोंद नसते.” तो भराव अजून तिथंच आहे. वर आता गवत उगवलंय.

खाडीच्या तोंडाशी घाईत टाकलेला भराव असाच राहिला तर मासेमारी करणाऱ्यांनी कुणाकडं जायचं? माझी मागणी एवढीच : काम आधी करा, पण काय टाकलं, कुठं टाकलं आणि कधी काढणार हे ठरल्या दिवसांत लिहून द्या, आणि तो कागद गावच्या चावडीवर लागू दे.

आता तुम्हालाच विचारतो, कारण हे तुम्ही आतून पाहिलंय. कलम 14 खालचा एखादा अहवाल दिल्लीहून अटी घालून परत आल्याचं तुमच्या नोकरीत कधी घडलं का? घडलं असेल तर सविस्तर लिहा. लेखाच्या खाली नाही, वरच टाकतो.