आईचे गोंदण आणि फोनची हुशारी

आज दुपारी ताईला घेऊन आईची तसबीर आणायला स्टुडिओत गेलो होतो. रविवारी वर्षश्राद्ध आहे, म्हणून तिच्या शेवटच्या वाढदिवशी मीच फोनवर काढलेला फोटो मोठा करायला दिला होता. वरचा कागद काढताच ताई म्हणाली, "अरे, आईचं गोंदण कुठे गेलं?"

आईच्या हनुवटीवर तीन हिरवट ठिपके होते आणि तसबिरीत त्यांच्या जागी नितळ, गुळगुळीत कातडी होती. वर्षभर हाच फोटो फोनवर पाहत असूनही ते माझ्या लक्षात आले नाही, याची आधी लाज वाटली. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "काका, आम्ही काही केलं नाही. मोबाइलमध्ये ब्यूटी चालू होती, त्यानेच डाग समजून पुसलं असणार."

डाग! सात वर्षांची असताना जत्रेत गोंदणारणीला पसाभर ज्वारी देऊन, रडत रडत आईने ते गोंदवून घेतले होते, आणि मेल्यावर सोनेनाणे इथेच राहते, गोंदण तेवढे बरोबर येते, असे ती मोठ्या अभिमानाने सांगायची.

घरी येऊन फोन उघडला. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये बरेच आत शिरल्यावर चेहरा गुळगुळीत करणाऱ्या त्या 'ब्यूटी'ची एक पट्टी सापडली, जी मी आयुष्यात कधी सरकवली नव्हती आणि तरीही ती मध्यावर होती. "नको असेल तर बंद करता येते" हे कंपन्यांचे ठरलेले उत्तर ऐकले की माझे डोके फिरते. जे चालू आहे याचा पत्ताच नाही, ते माणूस बंद कसे करणार? शिवाय मूळ फोटोही फोनने ठेवलेला नाही. घरी रंगारी बोलावला, तर तोसुद्धा भिंतीवरचा खिळा काढण्याआधी विचारतो.

हे माझ्यासारख्या अडाण्याचेच होते असे समजू नका. 'मार्च १' असे जनुकाचे नाव टंकले की एक्सेल त्याची परस्पर तारीख करून टाकत असे, आणि शास्त्रज्ञांच्या तक्त्यांत त्यामुळे इतका घोळ झाला की अखेर २०२० मध्ये नामकरण समितीने अशा जनुकांची नावेच बदलून टाकली. ही आपोआप होणारी बदलाबदल बंद करण्याची सोय एक्सेलमध्ये आली ती २०२३ मध्ये. म्हणजे जनुकांचे बारसे पुन्हा करणे त्या एका बटणापेक्षा सोपे ठरले!

आता कोणीतरी लिहीलच, म्हणून आधीच कबूल करतो की तिन्हीसांजेच्या अपुऱ्या उजेडात तो फोटो मुळात आला, तोही फोनच्याच हुशारीमुळे. शटर आणि ॲपर्चरचा हिशेब मला या जन्मात जमला नसता. पण उजेड सावरणे वेगळे आणि आईचा चेहरा दुरुस्त करणे वेगळे. हा फरक कंपन्यांना कळत नाही असेही नाही, कारण २०२० मध्येच गूगलने आपल्या नव्या पिक्सेल फोनमध्ये सेल्फीतला चेहरा गुळगुळीत करण्याची सोय मुळात बंद ठेवायचे ठरवले; ज्याला हवी त्याने चालू करावी. मी एवढेच मागतो आहे.

लिहिता लिहिता राग थोडा उतरला आहे. त्या मुलाचा तर काहीच दोष नव्हता, उलट "मी कॉम्प्युटरवर ठिपके काढून देतो, फक्त जागा दाखवा" असे तो आपणहून म्हणाला. ताईने तसबिरीच्या काचेवर बोट ठेवून तीनही जागा दाखवल्या. मी म्हणालो की मधला ठिपका जरा खाली होता. ती नाही म्हणाली. मग आम्ही दोघेही बराच वेळ त्या गुळगुळीत हनुवटीकडे पाहत उभे राहिलो आणि तसबीर तिथेच ठेवून परतलो.