शाळेत लेथ आला म्हणून मुलगा मजूर होत नाही

सध्या बडोद्यातल्या मराठी ग्रुपांवर एक लांबलचक मेसेज फिरतो आहे. आधी सोसायटीच्या ग्रुपवर आला, मग शाळेच्या माजी विद्यार्थ्यांच्या, मग गणेशोत्सव मंडळाच्या. म्हणणे असे की, शाळांत नववीपासून व्यावसायिक विषय वाढवायचे आणि त्यात इथल्या कारखान्यांना सामील करून घ्यायचे, हा आपल्या मुलांना मजूर करण्याचा डाव आहे. त्याखाली पाच कारणे. हा विषय घेतला की कॉलेजचे दार बंद. कारखानदारांना फुकटचे हात हवेत. हे जर्मनीचे खूळ आहे, आपल्याकडे असे कधी नव्हते. हुशार मुलांचा वेळ वाया जातो. आणि एआय दारात उभे असताना हातकाम शिकून करायचे काय? तळाला नेहमीचेच, जास्तीत जास्त पालकांपर्यंत पोहोचवा.

माझी नोकरी बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, ट्रान्सफॉर्मरच्या कारखान्यात झाली, त्यातली बरीच वर्षे ॲप्रेंटिस मुलांबरोबर गेली. त्यामुळे मेसेजला नुसता लाइकचा अंगठा देऊन पुढे जाववत नाही. मेसेजमधली भीती सगळी खोटी नाही, पण दुखणे एकीकडे आहे आणि बोट दुसरीकडे ठेवले आहे.

तिसऱ्या कारणापासून सुरुवात करतो, कारण ते बडोदेकराने फॉरवर्ड करावे याचेच नवल वाटते. 'आपल्याकडे असे कधी नव्हते'? 1890 साली सयाजीराव महाराजांनी याच गावात कलाभवन काढले. त्रिभुवनदास गज्जर हे रसायनशास्त्रज्ञ तिथले प्राचार्य. कापड रंगवण्याचे शास्त्र, यंत्रकाम, सुतारकाम, वास्तुकला, चित्रकला असे विषय तिथे शिकवले जात. दादासाहेब फाळक्यांनी छायाचित्रणाचे धडे गिरवले ते इथेच. गज्जर, कोटीभास्कर आणि राजमित्र बी. डी. अमीन यांनी पुढे 1907 साली अलेंबिक ही रसायने-औषधांची कंपनी उभी केली. म्हणजे कारखान्याने शाळा गिळली नाही, शिकवणारा माणूसच कारखाना काढायला निघाला. आणि ज्या राजाने कलाभवन काढले त्यानेच 1893 मध्ये अमरेली भागात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला व 1906 मध्ये तो राज्यभर नेला. अक्षर आणि हत्यार एकमेकांचे वैरी आहेत असे त्याला वाटले नाही. सयाजीरावांच्या जयंतीला आपण कलाभवनाचे गोडवे गातो आणि घरी आलो की मुलाला सांगतो, 'नीट अभ्यास कर, नाहीतर आयटीआयला जावे लागेल.' पांढरपेशेपणाचा हा वारसा आपण फार निगुतीने जपला आहे.

पुढे 1937 साली वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योगातून शिक्षणाची कल्पना मांडली. 1964-66 च्या कोठारी आयोगाने कार्यानुभव आणि उच्च माध्यमिक स्तरावरचे व्यावसायिक शिक्षण यांची शिफारस केली. तेव्हा खूळच म्हणायचे असेल तर ते घरचे आहे.

जर्मनीबद्दल मात्र मेसेजमध्ये अर्धे खरे आहे. तिथल्या बहुतेक राज्यांत चौथीनंतर, म्हणजे दहाव्या वर्षाच्या आसपास, मुलांची वेगवेगळ्या शाळांत वाटणी होते. ही चाळणी मलाही पटत नाही. पण कारखान्यातले शिक्षण ही त्यानंतरची, निराळी गोष्ट आहे. ते शालेय शिक्षण आटोपल्यावर, साधारण सोळाव्या वर्षापासून पुढे, लेखी करार करून आणि महिन्याला वेतन घेऊन चालते. शिवाय परीक्षा त्या कारखान्याचा मालक घेत नाही, उद्योग-व्यापार मंडळ घेते. चाळणी नको म्हणून हेही नको म्हणणे बरोबर नाही. उलट यातून एक गोष्ट उचलण्यासारखी आहे, तिच्याकडे पुढे येतो.

आता कॉलेजच्या दाराचे. सीबीएसईत दहावीला कौशल्य विषय सहावा विषय म्हणून घेता येतो. एखादे मूल गणित, विज्ञान किंवा सामाजिक शास्त्र यांपैकी एकात नापास झाले, तर त्या जागी हा विषय धरून निकाल लावतात. दार बंद होण्याऐवजी एक फट जास्तीची मिळते. आयटीआय हा वेगळा रस्ता, पण तोही पुढे जातो. दहावीनंतर दोन वर्षांचा आयटीआय केलेला मुलगा डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षात जाऊ शकतो आणि डिप्लोमा झालेला इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षात. गुजरातेत 'सी टू डी' आणि 'डी टू डी' म्हणतात ते हेच. मकरपुऱ्यात असे चढत गेलेले इंजिनीअर पुष्कळ भेटतील आणि ड्रॉइंग समोर आले की त्यांचा हात इतरांपेक्षा आधी पुढे जातो.

अमेरिकेत यावर नीट मोजमाप झाले आहे. तिथे 'करिअर अकॅडमी' नावाचे वर्ग असतात. नेहमीचे विषय आणि एका व्यवसायाचे शिक्षण एकत्र, सोबत गावातले उद्योग. जागांपेक्षा अर्ज जास्त होते, म्हणून चिठ्ठ्या टाकाव्यात तशी निवड झाली. त्यामुळे प्रवेश मिळालेले आणि न मिळालेले यांची खरी तुलना करता आली. शाळा संपल्यावर 8 वर्षांच्या काळात प्रवेश मिळालेल्यांची वार्षिक कमाई सरासरी 11 टक्के जास्त भरली आणि पदवी-पदविका घेण्याचे प्रमाण दोन्ही गटांत सारखेच राहिले. म्हणजे कॉलेज बुडाले नाही. हा फायदा मुख्यतः मुलग्यांना झाला, मुलींच्या कमाईत लक्षणीय फरक दिसला नाही, हेही सांगायला हवे. आपल्याकडे मुलींना शिवणकाम आणि ब्युटी पार्लर, मुलांना इलेक्ट्रिकल अशी वाटणी होताना दिसते, तेव्हा हा आकडा आठवावा.

कॉलेजबद्दलची भीती येते कुठून, हे कळते. 1986 च्या शिक्षण धोरणाने ठरवले होते की 1995 पर्यंत उच्च माध्यमिकची 25 टक्के मुले व्यावसायिक शाखेत असावीत. ते घडले नाही. का, ते 2020 च्या धोरणातच लिहिले आहे. अकरावी-बारावीला व्यावसायिक शाखा घेतलेल्यांना पुढच्या शिक्षणाची वाट नीट आखून दिलेली नव्हती आणि हे शिक्षण कमी गुणांच्या मुलांसाठी आहे असा समज होता. दार खरोखर बंद होते, पण ते विषयाने लावलेले नव्हते.

फुकटच्या हातांकडे जरा सावकाश पाहू, कारण मेसेजमधला सगळ्यात झोंबणारा मुद्दा तोच आहे.

ज्याने पंधरा वर्षांच्या मुलांना शॉप फ्लोअरवर अर्धा दिवस सांभाळले आहे, तो त्यांना फुकटचे हात म्हणणार नाही. मुलगा मशीनपाशी उभा राहिला की त्याच्याबरोबर एक अनुभवी कारागीर अडकतो आणि त्याचा जॉब मागे पडतो. वाइंडिंग, म्हणजे तारेची गुंडाळी करताना तांब्याच्या पट्टीवरच्या कागदाला चीर गेली तर डोळ्यांना दिसत नाही. ती टेस्टिंगला कळते, ट्रान्सफॉर्मर तेलात बसल्यावर. मग सगळे खोला आणि कॉइल उलगडा. लहान कारखान्यांचे मालक मुलांना लुटायला टपलेले नसतात, 'आमच्याकडे पाठवूच नका' असे म्हणणारे असतात. शाळांची खरी अडचण तिथे आहे.

ज्याला शिकाऊ माणसे हवीत त्याला कायदेशीर रस्ताही आहे. ॲप्रेंटिस कायदा 1961 चा. 30 किंवा जास्त माणसे असलेल्या आस्थापनेने ॲप्रेंटिस घेणे बंधनकारक आहे आणि त्यांना विद्यावेतन द्यावे लागते. नववीच्या मुलांची वाट पाहायचे कारण नाही. 14 वर्षांखालच्या मुलाला कामाला ठेवणे 2016 च्या दुरुस्तीनंतर सर्वच उद्योगांत गुन्हा आहे, आणि 14 ते 18 वयाच्या मुलांना धोकादायक कामावर लावता येत नाही. नंदेसरीच्या केमिकल प्लांटमध्ये शाळकरी मुलांनी गेटच्या आत शिकायला जाण्याचा प्रश्नच येऊ नये.

तरी धोका आहेच आणि तो वेगळा आहे. मुलगा जातो, सुपरवायझरला वेळ नसतो, मग त्याच्या हातात झाडू देतात, नाहीतर पॅकिंगला बसवतात. संध्याकाळी वहीवर सही. यात कोणाचा पैसा वाचत नाही, मुलाचे वर्ष मात्र जाते. म्हणून पालकसभेत कराराची प्रत मागावी. दिवसाला किती तास, कोणाच्या हाताखाली, उत्पादनाच्या लाइनवर उभे करणार की ट्रेनिंग बेंचवर, विमा कोणाचा, शाळेचा शिक्षक कधी येऊन पाहणार, हे त्यात लिहिलेले असावे. जर्मनीकडून उचलायचे ते हे. उद्योगाने कोणती मशीन, कोणती मापे, कोणत्या दर्जाचे काम, हे जरूर सांगावे. बाहेरचा परीक्षकही द्यावा. पण मूल कोणते निवडायचे आणि पास कोणाला करायचे, यात एका कारखान्याचा शब्द चालू देऊ नये.

हुशार मुलांच्या वेळेबद्दल एकच उदाहरण देतो. आपल्या गल्लीच्या तोंडाशी खांबांवर जो ट्रान्सफॉर्मर असतो, तो बहुतेक वेळा 11,000 व्होल्टचे 433 व्होल्ट करतो. आता त्याच्या वरच्या बाजूच्या गुंडाळीचे वेढे खालच्या बाजूच्या किती पट? मुलगा भागाकार करतो आणि सुमारे 25 सांगतो. गुंडाळी मोजली तर पट 44 निघते. मुलगा गोंधळतो. मग त्याला सांगायचे की तिन्ही गुंडाळ्यांची जोडणी वरच्या बाजूला डेल्टा (त्रिकोणी) आहे, खालच्या बाजूला स्टार (एका बिंदूला जोडलेली). 433 ला तीनच्या वर्गमुळाने भाग, 250 येतील. 11,000 भागिले 250, झाले 44. तीनचे वर्गमूळ नववीच्या पुस्तकात कशासाठी आहे, हे त्याला पहिल्यांदा कळते. ज्या मुलाला पुढे आयआयटीची परीक्षा द्यायची आहे त्याचा यात वेळ गेला, असे कोणाला वाटत असेल तर वाटो.

म्हणूनच हे फक्त महापालिकेच्या आणि अनुदानित शाळांपुरते ठेवले तर मेसेजवाल्यांचा संशय खरा ठरेल. 2023 च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यात नववी-दहावीला व्यावसायिक शिक्षण सर्वच मुलांसाठी धरले आहे. ते अलकापुरीतल्या महागड्या इंग्रजी शाळेतही तितक्याच गांभीर्याने होते का, यावर नजर ठेवा. गरिबाच्या मुलाला लेथ आणि श्रीमंताच्या मुलाला रोबोटिक्सचा खेळणे-संच, असे झाले तर पहिला विरोध मी करीन.

राहिले एआय. हातकामाला धोका नाही असे मी म्हणणार नाही. अकरा देशांच्या आकडेवारीवर 2017 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसले होते की व्यावसायिक शिक्षण घेतलेल्यांना नोकरी लवकर मिळते, पण वय वाढले की त्यांची आघाडी ओसरते, कारण तंत्र बदलते. पण यातून हातकाम सोडा असे निघत नाही. एकाच मशीनचे बटण शिकवू नका, एवढेच निघते. आपल्या शेजारी हालोलला जनरल मोटर्सचा कारखाना 1996 ला सुरू झाला आणि 2017 ला बंद पडला. त्याच जागेत मग एमजी या दुसऱ्या कंपनीच्या गाड्या बनू लागल्या. ऑक्टोबर 2024 मध्ये बडोद्यात सी-295 या लष्करी वाहतूक विमानांच्या कारखान्याचे उद्घाटन झाले, 56 पैकी 40 विमाने इथे जोडायची आहेत. यातली एकही कंपनी पुढची तीस वर्षे आहे तशीच राहील असे कोणी लिहून देणार नाही. ज्याला ड्रॉइंग वाचता येते, मायक्रोमीटर धरता येतो आणि टॉलरन्स, म्हणजे मापात चालणारा थोडासा फरक, का ठेवतात ते ठाऊक आहे, तो मोटारीतून विमानाकडे जाऊ शकतो. ज्याला एका कंपनीचे एकच फिक्श्चर, म्हणजे काम पकडून ठेवणारा साचा, माहीत आहे, तो त्या कंपनीबरोबर गेटबाहेर पडतो. मग शाळेने करार करताना दोन-तीन वेगवेगळ्या धंद्यांतले कारखाने घ्यावेत, एकाच मोठ्या नावाच्या मागे लागू नये.