फॅक्सला हसण्याआधी

कोथरूडला गेले की माझा भाऊ हा विषय काढतोच. "तुमच्या अमेरिकेत डॉक्टर अजून फॅक्स करतात म्हणे? अगं, आपल्याकडे तारसुद्धा २०१३ साली बंद झाली!" वर आईचा रक्ताचा रिपोर्ट मोबाईलवर दाखवतो. सकाळी रक्त दिलं, दुपारी व्हॉट्सॲपवर पीडीएफ हजर.

हसू दे. न्यू जर्सीतल्या एका छोट्या क्लिनिकचं फ्रंट डेस्क मी सांभाळते आणि माझी सकाळ फॅक्स उपसण्यातच जाते. कोपऱ्यातलं घरघरणारं यंत्र गेलं. फॅक्स आता कॉम्प्युटरवर येऊन पडतात, पण नुसते फोटोसारखे. नाव वाचायचं, जन्मतारीख ताडून पाहायची, मगच कागद त्या पेशंटच्या नोंदीत लावायचा. लॅबचा रिपोर्ट डॉक्टरांकडे, औषध पुन्हा लिहून द्यायची विनंती नर्सकडे, विमा कंपनीच्या परवानगीचे कागद माझ्या बोकांडी. एखादं पान तिरकं, एखादं काळंकुट्ट. मेडिकेअर, म्हणजे मुख्यतः ज्येष्ठांसाठीचा सरकारी आरोग्यविमा, चालवणाऱ्या खात्याच्या तेव्हाच्या प्रमुख सीमा वर्मा यांनी २०१८ मध्ये, दवाखाने २०२० पर्यंत फॅक्समुक्त व्हावेत, असं आवाहन केलं होतं. २०२० येऊन गेलं. एका हॉस्पिटलचं सॉफ्टवेअर दुसऱ्याशी धड बोलत नाही, फॅक्स नंबर मात्र सगळ्यांकडे असतो.

एकदा माझ्याकडून नंबरातला एक आकडा चुकला आणि पेशंटची चिठ्ठी भलत्याच दातांच्या दवाखान्यात गेली. त्यांचा फोन आला. कागद फाडून टाकल्याचं त्यांच्याकडून वदवून घ्या, साहेबांना सांगा, कुणाचं काय कुठे गेलं ते नोंदवा, पेशंटला पत्र पाठवा. पेशंटची माहिती जपायला लावणारा १९९६ चा हिपा कायदा आहे ना. अर्धा दिवस त्यात गेला, आणि मान खाली घालावी लागली ती वेगळीच.

त्याच सुमारास पुण्यात आईच्या फोनवर दुसऱ्याच बाईंचा थायरॉइडचा रिपोर्ट आला. नाव, वय, सदाशिव पेठेतला पत्ता, सगळं. लॅबला फोन केला तर, "काकू, डिलीट करून टाका ना." संपलं. त्या बाईंना हे कधी कळलंही नसेल.

आणि हाच भाऊ आभाच्या, म्हणजे सरकारी डिजिटल आरोग्य-खात्याच्या, चौदा आकडी नंबरावरून तावातावाने भांडतो, "माझी शुगर सरकारला कशाला हवी?" स्वतःचा ईसीजी त्याने फॅमिली ग्रुपवर टाकलाय, तिथे एकोणतीस माणसं आहेत. त्याची शंका रास्त आहे, माझीही आहे. पण चुकीच्या हाती गेलेल्या रिपोर्टचा जाब कुणाला विचारायचा, हे आपल्या घरच्या वादात कधी येतच नाही.

हेवा मला वाटतो तो आईच्या फाइलीचा. चितळ्यांच्या पिशवीत, रबर लावून, २००९ पासूनचे कागद. कर्वे रोडवरच्या डॉक्टरांनी जुना ईसीजी काढून नव्याशेजारी ठेवला, अर्धं मिनिट लागलं. आमच्याकडे नवा पेशंट रिकाम्या हातांनी येतो. त्याची सही घेऊन मी जुन्या दवाखान्याला फॅक्स करते आणि वाट बघते.

परत आले त्या सोमवारी सत्तेचाळीस फॅक्स साचले होते. त्यात माझ्या तिसऱ्या स्मरणपत्राचं उत्तर होतं: पहिली दोन मिळाली नाहीत, कृपया पुन्हा फॅक्स करा.