खिशातला जॅमर आणि तालुक्याचं नेटवर्क

शेतकऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. सार असं: पाच हजारांचा खिशातला जॅमर अख्ख्या तालुक्याचं नेटवर्क पाडतो, मोबाईल स्टार्टरनं (फोनवरून मोटर लावणारी, सिम असलेली पेटी) मोटर लागली नाही की समजा जॅमर लागलाय, वॅट जास्त तेवढा जॅमर घातक, आणि यावर उपाय नाही.

'तालुका बंद.' जॅमर टॉवर बंद करत नाही, ऐकणाऱ्याच्या कानाशी गोंगाट करतो. प्रश्न एवढाच, की ऐकणाऱ्यापाशी मोठा आवाज कोणाचा? अमरावती जिल्ह्यातल्या दर्यापूरकडच्या सपाट रानात रेडिओ लहरीची ताकद ढोबळमानानं अंतराच्या चौथ्या घातानं घटते. अंतर दुप्पट झालं की ताकद सोळावा हिस्सा. टॉवरचे 20 वॅट धरा. अँटेना ते एका दिशेला पन्नासपट करते, म्हणजे 1000 वॅटसारखे. जॅमर 1 वॅटचा. हजाराचं चौथं मूळ साधारण 5.6. टॉवर 2 किलोमीटरवर असेल, तर बरोबरी साधायला जॅमरला ऐकणाऱ्यापासून साडेतीनशे मीटरच्या आत यावं लागतं. त्यात टॉवर 40 मीटर उंच आणि जॅमर दीड मीटरवर, खिशात. हा फरक घातला की उरतात जेमतेम 70 मीटर. एखादं वावर.

मेसेजवाल्याच्या बाजूनंही थोडं आहे. टॉवर 10 किलोमीटरवर असेल तर त्या 70 चे 350 होतात. मुळात रेंज कमी असलेल्या गावांना धोका जास्त. शिवाय 4G फोन टॉवरशी बोलतो तो साधारण फार तर 0.2 वॅटनं, त्यामुळे टॉवरजवळ त्याच लहरींच्या पट्ट्यात गोंगाट झाला तर तो टॉवर बहिरा होऊ शकतो. तो एकच, तालुक्यात टॉवर अनेक.

'स्टार्टर लागला नाही म्हणजे जॅमर.' आधी विहिरीवरची पेटी उघडा. पत्र्याच्या पेटीत अँटेना आतच वळवून ठेवलेली असते, किंवा सिमचा रिचार्ज संपलेला असतो. लाईन बराच वेळ गेली की टॉवरची बॅटरीही उतरते. अमेरिकेतल्या रटगर्स विद्यापीठाच्या संशोधकांनी 2005 साली यासाठी एक साधी कसोटी मांडली: सिग्नलची ताकद कमी आणि पॅकेटही (निरोपाचे छोटे तुकडे) पोहोचत नाहीत, तर दोष अंतराचा किंवा यंत्राचा, ताकद भरपूर आणि तरी पॅकेट पडतायत, तेव्हा जॅमरचा संशय घ्या.

'वॅट जास्त, धोका जास्त.' त्याच संशोधनात जॅमरचे चार प्रकार आहेत: सतत ओरडणारा, खोटे पॅकेट पाठवणारा, अधूनमधून चालणारा आणि कोणी बोलू लागलं की मगच तोंड उघडणारा. अधूनमधूनचा जॅमर दर वेळी निम्मी पॅकेट मारत असेल, तर शेतातल्या सेन्सरनं तोच निरोप पाचदा पाठवल्यावर पाचही हुकण्याची शक्यता शंभरात तीन. पण हे गणित प्रत्येक खेप स्वतंत्र आहे असं धरून चालतं. चौथा जॅमर नेमकं तेच मोडतो. तो सतत ओरडत नाही म्हणून सापडतो उशिरा, आणि पाचही पॅकेट खाऊ शकतो. भ्यायचं तर याला.

'उपाय नाही.' चॅनल बदलत राहणं हा जुनाच उपाय. क्लासिक ब्लूटूथ सेकंदाला 1600 वेळापर्यंत अशी उडी मारतं. स्टार्टरला टॉवरकडे तोंड केलेली दिशादर्शी अँटेना लावली आणि जॅमर दुसऱ्या बाजूला असला, तर टॉवरला दहापट झुकतं माप मिळू शकतं. दहाचं चौथं मूळ 1.78. म्हणजे 70 मीटरचे राहतात 40. जॅमरवाल्याला तुमच्या धुऱ्यापाशी यावं लागेल, तेही बेकायदा यंत्र घेऊन, कारण सरकारची खास परवानगी नसेल तर भारतात खासगी माणसाला जॅमर वापरता येत नाही.