‘कारकुनी दृष्टी’ या आक्षेपाला उत्तर

महोदय,

सप्रेम नमस्कार. सरकार संशोधनाचे धोरण कसे ठरवते, या विषयावरील माझ्या गेल्या लेखावर आपण सविस्तर प्रतिक्रिया दिलीत, त्याबद्दल आभार. धोरण प्रत्यक्षात ठरते ते खर्चाचा अधिकार कोणाकडे आहे यावरून, असे त्या लेखाचे म्हणणे होते. ज्या वाचकांच्या नजरेतून ती सुटली असेल त्यांच्यासाठी तिचा सारांश देतो. आपले म्हणणे असे, की संशोधनाचे धोरण शास्त्रज्ञ ठरवतात, हिशेबनीस नव्हेत. माझा लेख म्हणजे ‘कारकुनी दृष्टीतून गायलेले रडगाणे’ आहे. खासगी उद्योग संशोधनावर पुरेसा खर्च करत नाहीत या मूळ दुखण्याला मी हात घातला नाही. खरेदीच्या नियमांत जून 2025 मध्ये मिळालेली सवलत मी गाळली. आणि चंद्रावर यान उतरवणाऱ्या देशाबद्दल असा तक्रारीचा सूर शोभत नाही.

सवलतीचा आक्षेप मान्य आहे. ती नोंद लेखात असती तर बरे झाले असते. संशोधन संस्थांना दरपत्रके न मागवता थेट खरेदी करण्याची मर्यादा 1 लाखावरून 2 लाखांवर गेली, आणि 200 कोटींपर्यंतच्या जागतिक निविदांना मंजुरी देण्याचा अधिकार संचालकांना व कुलगुरूंना मिळाला, ही निश्चितच चांगली गोष्ट आहे. मात्र तो आदेश कोणी काढला, हेही आपण पाहायला हवे होते. विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने नव्हे, तर वित्त मंत्रालयाच्या व्यय विभागाने तो काढला. माझ्या लेखाचे म्हणणे याहून वेगळे नव्हते.

खासगी उद्योगांबद्दल एवढेच सांगतो, की 2020-21 मध्ये देशाचा संशोधनावरील एकूण खर्च सकल देशांतर्गत उत्पादनाच्या (जीडीपीच्या) 0.64 टक्के होता, त्यात खासगी उद्योगांचा वाटा सुमारे 36 टक्के होता, आणि तो अपुरा आहे याविषयी कोणाचेच दुमत नाही. परंतु माझा लेख सरकार स्वतःचा पैसा कसा लावते यावर होता. जो लेख मी लिहिलाच नाही त्यातल्या उणिवा माझ्या पदरात घालू नका.

आता ‘कारकुनी दृष्टी’कडे वळतो. मतभेदाबद्दल माझी तक्रार नाही. तो नोंदवण्याच्या तऱ्हेबद्दल आहे. ‘प्रयोगशाळेची पायरीही न चढलेल्या माणसाने विज्ञानावर बोलू नये’ असे आपण लिहिलेत. आपण मला ओळखत नाही, म्हणून सांगावे लागते. माझी सारी नोकरी पुण्यातील एका केंद्रीय संशोधन संस्थेच्या लेखा आणि खरेदी विभागात गेली, आणि लेखाधिकारी म्हणून मी निवृत्त झालो. होय, मी हिशेबनीसच होतो. प्रयोगशाळेच्या पायऱ्या मी असंख्य वेळा चढलो, कारण अडलेल्या प्रत्येक फायलीचे मूळ तिथे जाऊनच कळत असे.

एका उन्हाळ्यात उणे 80 अंशांवर चालणाऱ्या एका डीप फ्रीझरचा कॉम्प्रेसर बंद पडला. त्यात एका विद्यार्थिनीने पीएचडीसाठी गोळा केलेले नमुने होते. दुरुस्तीच्या लेखाशीर्षातला, म्हणजे त्या खर्चासाठी राखलेल्या हिशेबाच्या खात्यातला, पैसा संपला होता आणि उपकरणांच्या शीर्षात पुरेशी रक्कम शिल्लक होती; पण एका शीर्षातून दुसऱ्यात पैसा वळवायला मंजुरी दिल्लीहून हवी होती. ती मुलगी दरपत्रक हातात धरून माझ्या टेबलापाशी उभी होती. मी त्याच दिवशी टिपण लिहिले, सहीसाठी स्वतः फिरलो, आणि तरीही मंजुरी येईपर्यंत नमुने वितळून गेले होते. ज्या शास्त्रज्ञांच्या समितीने तिच्या प्रकल्पाला उत्कृष्ट ठरवून निधी दिला होता, त्या समितीचा निर्णय अशा रीतीने एका लेखाशीर्षाने फिरवला. हे पाहिलेल्या माणसाला आपण धोरणातले काय कळते, असे विचारता? समितीच्या बैठकीत शास्त्रज्ञ बसतात हे मला ठाऊक आहे, त्यांचे प्रवासभत्ते मीच मंजूर करत होतो. पण बैठक संपल्यावर निर्णयाचे काय होते हे त्यांच्यापैकी फार थोड्यांनी जवळून पाहिले आहे. माझ्या टेबलाला कारकुनी म्हणून हिणवणे सोपे आहे, त्यावरून रोज काय जात होते हे समजून घेण्याचे कष्ट मात्र आपण घेतले नाहीत.

आणि हे केवळ माझ्या अनुभवाचे म्हणणे आहे, असेही समजू नका. 4 मार्च 1958 चा वैज्ञानिक धोरण ठराव आपण आपल्या प्रतिक्रियेत गौरवाने उल्लेखला आहे. तो गौरवास पात्रच आहे. पण त्याच्या अवघे तीन दिवस आधी, 1 मार्च 1958 रोजी, सरकारने आणखी एक ठराव काढून अणुऊर्जा आयोगाची पुनर्रचना केली, आणि त्याबद्दल आपण अवाक्षर काढले नाही. त्या ठरावाने संसदेने मंजूर केलेल्या तरतुदीच्या मर्यादेत आयोगाला भारत सरकारचे प्रशासकीय आणि आर्थिक अधिकार दिले, आणि आयोगातच एक वित्त सदस्य बसवला, जेणेकरून पैशाचा प्रश्न दर वेळी बाहेरच्या मंत्रालयाकडे न जाता आयोगाच्या टेबलावरच सुटावा. आयोगाचे अध्यक्ष होमी भाभा यांची थोरवी पदार्थविज्ञानापुरती नव्हती. पाणी कुठे मुरते हे त्यांना अचूक कळले होते. एकाच आठवड्यात निघालेल्या दोन ठरावांपैकी एकाने विज्ञानाची महती सांगितली आणि दुसऱ्याने खर्चाचा अधिकार दिला. अणुऊर्जा विभाग कशाच्या बळावर उभा राहिला, हे आपणच ठरवा.

चांद्रयानाचे उत्तरही इथेच आहे. 1972 मध्ये अंतराळ आयोग स्थापन झाला तेव्हा रचना हीच ठेवण्यात आली, वित्त सदस्यासह. इस्रोचे यश हा माझ्या म्हणण्याला छेद नाही. उलट तो माझ्या बाजूचा सर्वांत भक्कम पुरावा आहे. ज्या विद्यापीठांना आणि संस्थांना तसे अधिकार कधी मिळाले नाहीत, त्यांच्याशी इस्रोची तुलना करून त्यांनाच नालायक ठरवणे हा अन्याय आहे, आणि तो निदान आपल्यासारख्या निवृत्त प्राध्यापकाने करू नये.

पैशाची तजवीज बांधून दिली नाही तर काय होते, याचा पुरावा हवा असेल तर 2003 चे विज्ञान व तंत्रज्ञान धोरण काढून वाचा. दहाव्या पंचवार्षिक योजनेच्या अखेरीपर्यंत संशोधनावरील खर्च जीडीपीच्या किमान 2 टक्क्यांपर्यंत नेण्याचे उद्दिष्ट त्यात होते. ती योजना 2007 मध्ये संपली. 2013 च्या धोरणात तेच 2 टक्के पुन्हा आले. दोन्ही दस्तऐवज जाणकारांनी मनापासून लिहिले होते, यात मला शंका नाही. पण अर्थसंकल्पातील कोणत्या खात्याच्या अनुदान मागणीत, कोणत्या वर्षी, किती वाढ होईल हे त्यांत बांधून दिलेले नव्हते, म्हणून उद्दिष्ट कागदावर राहिले.

माझी आजची काळजी अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानाविषयी आहे, आणि तिच्यावर आपण एक ओळही खर्च केली नाही. 2023 च्या कायद्याने ते स्थापन झाले. नियामक मंडळाचे अध्यक्ष पंतप्रधान आहेत आणि कार्यकारी परिषदेचे अध्यक्ष सरकारचे प्रमुख वैज्ञानिक सल्लागार. पाच वर्षांत 50,000 कोटी रुपये असे जाहीर झाले, त्यांपैकी सरकारचे 14,000 कोटी आणि उरलेले 36,000 कोटी उद्योग, सार्वजनिक उपक्रम व देणगीदार यांच्याकडून येणार होते. इतक्या वरच्या पातळीचे मंडळ असूनही मंजूर रक्कम संशोधकाच्या हाती कोणत्या महिन्यात पोचते, 31 मार्चला न वापरलेली खर्चमर्यादा लोप पावली तर एप्रिलची विद्यावृत्ती कोठून द्यायची, आणि शीर्ष बदलण्याचा अधिकार संस्थेच्या संचालकाला आहे की नाही, हे प्रश्न मी लेखात विचारले होते. त्यांची उत्तरे आपल्याकडे असतील तर जरूर लिहा, मी ती याच ठिकाणी लेखाच्या शिरोभागी ठेवीन. नसतील, तर माझ्या पूर्वीच्या हुद्द्याचा उद्धार करण्यापेक्षा 1 मार्च 1958 चा ठराव काढून त्यातील वित्त सदस्याविषयीचा परिच्छेद वाचावा, आणि तशी तरतूद या प्रतिष्ठानाला का असू नये, एवढ्याच एका प्रश्नावर आपले मत कळवावे.

आपला,
लेखक