तांबं-नायोबियमची वायर सुपरकंडक्टर म्हणून वापरत नाहीत हो!

100 टेस्लाच्या (टेस्ला म्हणजे चुंबकीय क्षेत्र मोजायचं एकक) मॅग्नेटमधली तांबं-नायोबियमची वायर सुपरकंडक्टर, म्हणजे विजेला अजिबात विरोध न करणारी, असते म्हणून तापत नाही, असा मेसेज फिरतोय, तो चुकीचाय. नायोबियम हा धातू सुपरकंडक्टर होतो साधारण 9 केल्विनच्या (म्हणजे उणे 264 सेल्सियसच्या) खाली आणि या वायरचं कॉइल, म्हणजे गुंडाळी, थंड करतात लिक्विड नायट्रोजनने, म्हणजे 77 केल्विनला (उणे 196 सेल्सियस), मग कसं होणार? नायोबियम असतं ते ताकदीसाठी. 100 टेस्लाला चुंबकीय दाब जवळपास 40 हजार वातावरणांएवढा होतो, नुसतं तांबं तिथे टिकतच नाही. म्हणून दोन्ही धातू एकत्र ओढत ओढत आत नायोबियमचे केसापेक्षा शेकडोपट बारीक तंतू करतात, करंट तांब्यातून जातो, ताण पेलायला हे तंतू. आणि तापते तर चांगलीच! म्हणून पल्स, म्हणजे करंटचा झटका, फक्त मिलिसेकंदांचा, मग कॉइल परत थंड होईपर्यंत थांबायचं. अमेरिकेतल्या लॉस अलामॉस प्रयोगशाळेत 2012 मध्ये 100 टेस्ला ओलांडले तेही पल्समध्येच.